खटला मिटला, संशय मिटला नाही

न्यूयॉर्कचे तत्कालीन महापौर एरिक अॅडम्स यांच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लाचखोरी आणि परदेशी निवडणूक देणग्यांचे आरोप ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश डेल हो यांनी खटला कायमचा रद्द केला, पण महापौरांना निर्दोष ठरवून नव्हे. तो मागे घेण्याची मागणी ट्रम्प प्रशासनाच्या न्याय खात्यानेच केली होती. खटल्यामुळे स्थलांतरितांविरुद्धच्या कारवाईत अॅडम्स यांना मदत करता येत नाही, हे त्याचे एक कारण. खटला मागे घेण्याचा खात्याचा आदेश पाळण्याऐवजी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी राजीनामा दिला. त्यांचे हे धैर्य मोलाचे आहे. आपला महापौर आता वॉशिंग्टनच्या उपकारात आहे, ही शंका स्थलांतरितांनी घडवलेल्या या शहराला झोंबली, आणि ती रास्तच होती.

तरीही अॅडम्स महापौरपदासाठी अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले. रहिवाशांच्या छोट्या देणग्यांना आठपट सरकारी जोड देणारा निधी शहराच्या निवडणूक वित्त मंडळाने मात्र त्यांना नाकारला. मंडळाची ही ठाम भूमिका योग्यच होती. २८ सप्टेंबर २०२५ रोजी अॅडम्स यांनी माघार घेतली, तेव्हा त्यांनी याच निर्णयाकडे बोट दाखवले.