बापाची छातीही उबदार असते

हा लेख माता-भगिनींसाठी आहेच, पण बंधूंनीही तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

आपला चंद्रपूर जिल्हा उन्हाळ्यासाठी देशभर ओळखला जातो. त्यामुळे आपल्याला वाटते, आपल्याकडे कसली आली थंडी! पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला विचारा. दिवसा तापलेले टिन रात्री तितक्याच लवकर गार पडते. मोठा माणूस पांघरूण ओढून कुशी बदलतो. आठ-दहा दिवसांच्या बाळाला ते जमत नाही, आणि ते सांगताही येत नाही.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. वरोऱ्यातल्या एका वस्तीतून रात्री एक आजीबाई बोलवायला आल्या. "सिस्टर, चला जी. पोरगं दूध नाई पेत." मी गेले. नऊ दिवसांचे बाळ, जन्माचे वजन १ किलो ९०० ग्रॅम. अंगात झबले, त्यावर स्वेटर, दोन दुपटी आणि वरून जाड गोधडी. दार-खिडकी बंद, कोपऱ्यात कोळशाची शेगडी धगधगत होती. आई तापाने फणफणलेली. एवढ्या कपड्यांत बाळ गरम असेल असे कोणालाही वाटले असते. मी गोधडीत हात घातला तर पोट गार आणि तळपाय बर्फासारखे. काखेत थर्मामीटर लावले, ३५.१ अंश सेल्सिअस. नवजात बाळाला ३६.५ ते ३७.५ लागते.

१०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत बाळाला कोणाच्या तरी अंगाची ऊब हवी होती. आईला उठवत नव्हते. आजी म्हाताऱ्या, हात थरथरणारे. बाळाचा बाप दाराबाहेर उभा होता. धडधाकट, पंचविशीतला. मी म्हटले, "दादा, आत या, शर्टाची बटणे काढा." तो आजीकडे पाहू लागला. आजी हळूच म्हणाल्या, "बारा दिवस झाले नाई ना जी अजून." आणि तो म्हणाला, "लोक का म्हनतीन?"

या दोन वाक्यांवर मला आज लिहायचे आहे. पण आधी त्या रात्री पुढे काय झाले ते सांगते. शेगडी बाहेर काढली, दार किलकिले केले. बाळाचे कपडे उतरवून फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे ठेवले. बापाच्या उघड्या छातीवर त्याला उभे धरले, आजीच्या जुन्या लुगड्याने दोघांना बांधले, वरून शर्ट आणि शाल. तसाच तो गाडीत बसला, मागोमाग बाळाची आई. दवाखान्यात पोचल्यावर मोजले तेव्हा ३६.२ झाले होते. बाळाला जंतुसंसर्ग होता, उपचार लागलेच. पण ते गार पडलेल्या अवस्थेत पोचले नाही. आठवड्याने घरी आले.

आता यात शिकण्यासारखे काय आहे ते पाहू.

गोधडी ऊब तयार करत नाही. असलेली ऊब ती धरून ठेवते, एवढेच. मोठ्या माणसाच्या अंगात ऊब तयार होते, म्हणून त्याला गोधडीत गरम वाटते. नवजात बाळाला आपल्यासारखे कुडकुडता येत नाही. मान, पाठ आणि खांद्यांजवळ साठलेली एक खास चरबी जाळून ते ऊब तयार करते. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ती चरबीच तुटपुंजी असते. शिवाय त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, त्यातून ऊब झपाट्याने जाते. ऊब तयार करताना बाळाच्या अंगातली साखर संपते, श्वासाला जास्त हवा लागते. मग ते सुस्त होते, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून आणखी गार पडते. गार बाळाला कितीही गोधड्यांत गुंडाळले तरी ते गारच राहते. त्याला दुसऱ्याच्या अंगाची ऊब हवी.

ही गोष्ट जगाला गरीब देशातल्या एका दवाखान्याने शिकवली. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या सरकारी प्रसूती दवाखान्यात काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत. त्यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी हे काम पुढे नेले. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत बाळगते, म्हणून याला 'कांगारू मातृसेवा' असे नाव पडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास केला. आपल्याकडून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. जन्मल्याबरोबर छातीवर घेतलेल्या कमी वजनाच्या बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासात आईला जमत नसेल तेव्हा घरातले दुसरे माणूस बाळाला छातीवर घेत असे, हे लक्षात ठेवा.

आणि आपल्या शेजारचे उदाहरण तर आणखी मोठे आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब राखणे, संसर्ग ओळखून औषध देणे. त्यांच्याजवळ बाळाला ठेवायची उबदार पिशवीही होती. या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले. आज आशाताई बाळंतपणानंतर आपल्या घरी येतात, ती योजना याच कामातून उभी राहिली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायला हवे. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्या आल्या नाहीत तर आपण बोलवावे. आल्या तर दारातून परत पाठवू नये.

छातीवर बाळ कसे बांधावे? बाळ उघडे, फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे. छातीच्या मधोमध उभे, बेडकासारखे पाय दोन्ही बाजूंना, मान एका कुशीला वळलेली. हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही, रुतली तर श्वास कोंडतो. लुगडे, दुपट्टा किंवा मऊ धुतलेली चादर, काहीही चालते. कापडाचा वरचा काठ बाळाच्या कानाखाली यावा. बांध इतका की उठले तरी बाळ सरकू नये, पण श्वासाला पोट हलायला जागा राहावी. वरून स्वेटर किंवा शाल. एका वेळी किमान एक तास ठेवा. दिवसभरात आठ तास तरी, त्याहून जास्त जितके जमेल तितके चांगले. झोप येत असेल तर उशी-गोधड्या लावून टेकून बसा आणि जागे माणूस जवळ ठेवा. दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने बाळाला असे घेऊ नये. पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकला.

बाळ मोठे, वजनाने चांगले झाले की त्याला कपडे घालून झोळीत किंवा दुपट्ट्यात बांधून बाहेर नेता येते. तिथे उलटी चूक होते. आपण जाडजूड दुपट्यात बाळाचे गाठोडे करतो आणि ते गाठोडे छातीला बांधतो. मग तुमची ऊब बाळापर्यंत पोचतच नाही, आणि जाड कापड बाळाच्या नाका-तोंडावर येते. त्याऐवजी बाळाला एक पातळ सुती झबले, एक स्वेटर, टोपडे, मोजे घाला. छातीला सरळ बांधा आणि शाल बाहेरून दोघांवर घ्या. मोजेसुद्धा नीट पाहा, कारण झोळीतून बाहेर लोंबणारे पाय आधी गार पडतात. बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, मान खाली करून त्याच्या कपाळाचा मुका घेता आला पाहिजे. अधूनमधून मानेमागे हात लावा. घाम असेल तर एक कपडा काढा. थंडीत बाळाला मोटारसायकलवर नेऊ नका. रस्त्याचा वारा शालीला जुमानत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना सरकारी गाडी मोफत मिळते, ती मागा. तो हक्क आहे.

६ डिसेंबरला आपली माणसे गाडीच्या दारापाशी, प्लॅटफॉर्मवर रात्र काढत चैत्यभूमीला जातात. एक-दीड महिन्याचे किंवा कमी वजनाचे बाळ घेऊन कोणी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षी घरूनच अभिवादन करा.

शेगडीबद्दल दोन शब्द. माजरी-भद्रावतीचा कोळसा आपल्या दाराशी आहे, म्हणून घरोघरी शेगडी पेटते. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो, आणि बाळ मोठ्यांच्या आधी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावणे बंद करा. शेकाला लागणारी ऊब छातीत आहे.

आता त्या दोन वाक्यांकडे येते.

"बारा दिवस झाले नाई." म्हणजे काय? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचे नाही. का जायचे नाही, विचारले तर कोणी सांगत नाही. पण आपल्याला माहीत आहे, हा विटाळ आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन आपल्या रीतीने करतो. आणि ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द बाळंतिणीच्या दाराशी आपणच बसवून ठेवतो! बाळाला जिथे दोन छात्यांची ऊब मिळाली असती, तिथे एकीवर भागवतो. ती एक आजारी पडली की बाळ गार पडते.

"लोक का म्हनतीन?" या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री दिले नाही. आज देते. लोक म्हणतील, हा बाप आहे.

दवाखान्यांत मी वीस वर्षे काढली. बाळ दगावले की "आईने लक्ष दिले नाही" हे वाक्य मी अनेकदा ऐकले. सुरुवातीच्या वर्षांत मीही ते म्हटले आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत जी बाई पंधराव्या दिवशी मजुरीला जाते, ती आठ तास बाळ छातीवर कसे ठेवणार? मजुरी बुडाली तर खाणार काय? बाळाची ऊब फुकट मिळते असे आपण म्हणतो, पण त्याला कोणाचा तरी वेळ लागतो, आणि गरिबाच्या घरात वेळेला रोजाचा भाव असतो.

बाबासाहेबांना हे कळत होते. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. राजरत्न १९२६ साली गेला. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणारे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. शेतमजूर बाईला ती नाही. तिला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात, तेही कागद पूर्ण झाले तर. शेतमजूर बाईच्या बाळंतपणाच्या मजुरीची मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

कायदा होईपर्यंत घर आणि वस्ती काय करू शकते? ज्या घरात कमी वजनाचे बाळ आहे, तिथे वेळेची वाटणी करा. दिवसा आई, संध्याकाळी कामावरून आल्यावर हातपाय-छाती धुऊन बाप, मध्ये आजी किंवा मावशी. शेजारणीने त्या घरची एक वेळची भाकरी टाकली तर आईचा एक तास वाचतो. विहारात दर पौर्णिमेला वंदना होतेच. त्यानंतर अर्धा तास आशाताईंना बोलवा आणि लुगड्याची गाठ कशी बांधायची ते सगळ्यांना, विशेषतः होणाऱ्या बापांना, दाखवायला सांगा. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, श्वास भराभर चालत असेल, छातीवर घेऊनही पोट-पाय गार असतील, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि वाटेत बाळ छातीवरच ठेवा.

त्या घरातले बाळ आता चालायला लागले आहे. परवा आजी भेटल्या. म्हणाल्या, "सिस्टर, पोरगं बापाले सोडतच नाई जी. रातच्याले त्याच्याच छातीवर झोपते." गल्लीतल्या एकाही माणसाने बापाला काही म्हटले नाही. उलट मागच्या महिन्यात शेजारच्या घरी बाळंतीण आली, तेव्हा ती गाठ बांधून दाखवायला त्यालाच बोलावले होते.