आजीच्या आवाजाला किती बिट?

ज्येष्ठांच्या ओव्या जपण्यासाठी आपलं मंडळ कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारं यंत्र, घेणार आहे. काहीजण म्हणतात, १९२ किलोहर्ट्झवालाच घेऊ. मला नाही पटत.

माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. सेकंदाला ४८ हजार नमुने घेतले, की तेवढं सगळं पकडता येतं. बिटचं मात्र तसं नाही. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबल मावतात. २४ बिटमध्ये कागदावर १४४, पण सर्किटच्या स्वतःच्या खरखरीमुळे चांगल्या कन्व्हर्टरलाही हाती १२०च्या आसपासच लागतात. तरी ही जादा जागा मोलाची, कारण लेव्हल खाली ठेवून निर्धास्त रेकॉर्डिंग करता येतं.

हे मी ठेच लागून शिकले. बेळगावात आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करताना मी लेव्हल चढी ठेवली. तिनं वरचा सूर लावला आणि आवाज फाटला. फाटलेला सूर कुठलाही महागडा कन्व्हर्टर शिवून देत नाही. आता आजी गात नाही.

म्हणून सांगते, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ पुरे. उरलेले पैसे चांगल्या माइकला द्या. आणि हो, आधी पंखा बंद करा!