हमालाची पाठ आणि मालकाचा उपदेश

‘कंबर नव्हे, गुडघे वाकवा’ असा फलक गोदामाच्या भिंतीवर टांगला आणि कमरेचे पट्टे वाटले, की हमालाच्या पाठीविषयीचे कर्तव्य संपले, अशी मालकवर्गाची समजूत असते. ती सोयीची आहे, खरी नाही. ओझे उचलण्याच्या पद्धतीचे नुसते प्रशिक्षण दिल्याने पाठदुखी टळत नाही, असेच आजवरच्या प्रयोगांचे एकत्रित परीक्षण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नेहमीच्या उपचारातून कमरेचे पट्टे वगळले आहेत.

मात्र त्याच तत्त्वांत रुग्णाचे शिक्षण व व्यायाम यांचा पुरस्कार आहे, आणि येथे चळवळीनेही आपली चूक कबूल केली पाहिजे. पोत्यामागच्या दरासाठी संघटना रात्र रात्र वाटाघाटी करतात. उसण भरली तर काय करावे, हे मात्र सभासदाला क्वचितच सांगितले जाते. मग तो एक तर सुई टोचून घेऊन त्याच दिवशी पुन्हा पोत्याखाली जातो, नाही तर पंधरवडाभर अंथरूण धरतो. दोन्ही मार्ग घातक. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत उतरते. तोवर झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे आणि ओझे क्रमाक्रमाने वाढवीत कामावर परतावे. पायातील बळ जाऊ लागले, जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. एवढे ज्ञान एका बैठकीत देता येते.

पण क्रमाक्रमाने परतायचे कसे? मजुरी पोत्यामागे मिळते. अर्धे ओझे म्हणजे अर्धी भाकर. टोळीतील सोबत्यांवर भार पडू नये म्हणून तो दुखणे लपवितो. 1923 पासूनची भरपाईची व्यवस्था मुळात ‘अपघाता’च्या कल्पनेवर उभी आहे, वर्षानुवर्षे झिजलेल्या मणक्याने अपघाताची तारीख कोठून आणावी? अशा स्थितीत हक्काविना दिलेले शिक्षण हा आरोपाचा पुरावा ठरतो: ‘तुला शिकविले होते, तूच चुकलास!’

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली पुरुष कामगाराने वाहावयाच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचविली. त्याच वर्षीचा कमाल ओझ्याचा करार भारताने 2010 साली मान्य केला. महाराष्ट्रात हमालांनी लढून क्विंटलचे पोते 50 किलोंवर आणले, हा मोठाच विजय. परंतु 50 किलोंची 200 पोती म्हणजे दिवसाकाठी दहा टन! एका पोत्याचे वजन घटले, तरी दिवसाच्या एकूण ओझ्याला मर्यादा कोण घालणार?

म्हणून मागणी दुहेरी हवी. 1969 च्या कायद्याखालील माथाडी मंडळांनी, मालकांच्या लेव्हीतून, जायबंदी हमालाला हलके काम व बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. आणि पाठीचे शिक्षण संघटनेने स्वतः, पगारी वेळेत, हमालांतूनच तयार केलेल्या शिक्षकांकरवी द्यावे. आपले शरीर जाणणारा कामगार ओझ्याचा हिशेबही मागू लागतो. मालकाच्या फलकावर तो हिशेब लिहिलेला नसतो. तो मांडण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि त्याला आधीच फार उशीर झाला आहे.