जोखीम ज्याची, दर त्याचा जास्त

आमच्या गल्लीत दोन कंत्राटी आहेत. एक मी, दुसरा माझा बालमित्र. दोघंही जुने शहरातले, राजराजेश्वराच्या देवळाजवळ लहानाचे मोठे झालेलो. मी घरी बसून एका परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तो रोज मोर्णेचा पूल ओलांडून एका सरकारी ऑफिसात डेटा एंट्री करायला जातो. त्याला पगार ते ऑफिस देत नाही, एक एजन्सी देते. मला कायम नोकरीवाल्यापेक्षा जास्त मिळतात. त्याला शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, त्याच्याच वयाच्या कायम लिपिकाच्या निम्मेही मिळत नाहीत.

परवा टपरीवर चहा पिताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "कायम नोकरीच्या मागं कशाले लागता? खरा पैसा कंत्राटातच हाये."

तो हसला नाही. म्हणाला, "तुह्या कंत्राटात पैसा हाये भाऊ. माह्या कंत्राटात एजन्सी हाये."

हा लेख त्या एका वाक्याने लिहायला लावला. यूट्यूबवर 'नोकरी सोडा, फ्रीलान्स करा' सांगणारे आणि ऑफिसांतून 'कंत्राटी तत्त्वावर भरती'ची जाहिरात काढणारे, दोघंही एकच शब्द वापरतात. पण त्या शब्दाचा एक भाग आपल्याकडे मुद्दाम गाळला जातो, तो म्हणजे जोखमीची किंमत.

आधी माझा हिशोब सांगतो. पुण्यात मी कायम होतो तेव्हा हातात 90,000 यायचे, वर्षाचे 10,80,000. शनिवार-रविवार सोडले तर वर्षात 261 दिवस उरतात. म्हणजे दिवसाचे 4,138. कंत्राटात मात्र काम केलं त्याच दिवसाचे पैसे. सणांच्या सुट्ट्या 10, रजा 20, आजारपणाचे 6, आणि एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत रिकामे जाणारे 20 दिवस वजा केले की 205 उरले. शिवाय कंपनी भरत होती तो पीएफचा वाटा वर्षाला 64,800, ग्रॅच्युइटीचे सुमारे 26,000, कुटुंबाच्या विम्याचे 25,000. हे सगळं आता माझ्या खिशातून. हे धरून भागाकार केला तर दिवसाला 5,833 आले. म्हणजे आधी होतो तिथंच राहायचं तरी 41 टक्के जास्त दर मागावा लागतो. मी मागितला आणि मिळाला. कंपनीने उपकार केले नाहीत. मला उद्या काढायची मोकळीक तिला हवी होती, तिची किंमत तिने मोजली.

यात परदेशी असं काही नाही. आपल्याकडे सोयाबीन सोंगायला आलं की मजूर रोजाने येतात किंवा एकराचा भाव ठरवून घेतात. एकराने घेतलं की पाऊस आला, पीक पडलेलं निघालं, तरी नुकसान त्यांचं. म्हणून ते भाव चढा सांगतात आणि शेतकरी कुरकुरत का होईना, देतो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही हे गणित येतं. ऑस्ट्रेलियात ते कायद्याच्या चौकटीतच बसवलंय. तिथं नेमणुकीची शाश्वती आणि भरपगारी रजा नसलेल्या कामगाराला कायम माणसाच्या दरावर 25 टक्के जास्त द्यावे लागतात.

आता माझ्या मित्राचा हिशोब बघा. राज्य सरकारात नव्याने लागलेल्या लिपिक-टंकलेखकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 19,900. महागाई भत्ता 55 टक्के धरा, 30,845 होतात. घरभाडं वेगळं, दरवर्षीची वेतनवाढ वेगळी. वर 30 अर्जित रजा, 8 किरकोळ रजा. मित्राचे कागदावर 16,000, पीएफ वगैरे जाऊन हातात चौदा. तेही तारीख नक्की नाही. "सहा तारखेले झाला तं झाला, नाहीतं पंधरा." श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड घेऊन गांधीग्रामहून रात्रभर चालत आला, तर त्या दिवसाचा पगार कापला जातो. मागच्या वर्षी आईला चार दिवस दवाखान्यात ठेवलं, चारही दिवस बिनपगारी.

ऑस्ट्रेलियाचा नियम इथं लावला तर त्याला 38,556 मिळायला हवेत, तेही आजच लागलेल्या लिपिकाशी तुलना करून. तो तर अकरा वर्षांपासून त्याच खुर्चीवर आहे. पण नोंदीत तो जुना नाही, कारण एजन्सी चार वेळा बदलली आणि दर वेळी तो नव्याने लागला. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. अकरा वर्षांचे साधारण 1,01,500 रुपये होतात. खुर्ची तीच, कॉम्प्युटर तोच, साहेब तेच. फक्त लेटरहेड बदललं आणि लाखभर रुपये हवेत गेले.

यावर ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं, 'सरकारकडे पैसे नाहीत.' पैसे नसते तर मधे एजन्सी कशी परवडली? तिचं सेवाशुल्क कोण भरतं? मनुष्यबळ पुरवठ्यावरचा सर्वसाधारण जीएसटी दर 18 टक्के आहे. जिथे तो लागतो तिथे तो कोण भरतं? ऑफिसातून निघणारा रुपया आणि मित्राच्या खात्यात पोचणारा रुपया एक नाही.

दुसरं, 'कायमवाले काम करत नाहीत.' मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर 'आम्ही अर्ध्या पगारात काम करतो, यांना घरी पाठवा' असे मेसेज फिरले. फॉरवर्ड करताना आपण आपल्याच मजुरीचा भाव पाडतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कामचुकाराला शिस्त लावा, जरूर लावा. पण त्याची शिक्षा कंत्राटी पोराच्या पगारातून का वसूल करता?

तिसरं उत्तर सगळ्यात लबाड. 'तो आमचा कर्मचारीच नाही.' 26 ऑक्टोबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सांगितलं की सारखंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही कायम पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळायला हवं. मग सरळ नेमणूक करण्यापेक्षा मधे एजन्सी उभी करणं सोयीचं ठरतं, कारण मग समान कामाचा प्रश्नच 'आमचा नाही' म्हणून टोलवता येतो. कंत्राटी कामगारांसाठीच्या 1971 च्या केंद्रीय नियमांतही ठेकेदाराचा माणूस तेच काम करत असेल तर वेतन तेच, अशी अट होती. कागदावर होती. आता नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि तो जुना कायदाच मागे पडला.

सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय आला, पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरात सरकारला तो मागे घ्यावा लागला. आपण फटाके फोडले. पण माझ्या मित्राच्या टेबलावर काहीच बदललं नाही. जीआर गेला, कंत्राट राहिलं.

म्हणून माझी मागणी 'सगळ्यांना कायम करा' एवढीच नाही. जे काम वर्षानुवर्षं चालतं तिथं माणूस कायमच हवा. मुंबईच्या 2,700 कचरा वाहतूक कामगारांनी दशकभर लढून 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे मिळवलं. पण जिथे सरकारला खरोखर तात्पुरता माणूस हवाय, तिथे त्याला कायम माणसापेक्षा किमान 25 टक्के जास्त द्या. मग बघा किती जागा खरंच 'तात्पुरत्या' निघतात. कंत्राट स्वस्त आहे म्हणूनच ते आहे. ते महाग करा, निम्म्या फायली आपोआप कायम भरतीकडे सरकतील.

कंत्राटावर असाल तर आज दोन गोष्टी करा. पगाराची स्लिप मागा आणि उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून कापला असेल तर ते बेकायदेशीर आहे. आणि कायम असाल तर शेजारच्या टेबलावरच्या पोराचा पगार एकदा विचारा. पुढच्या संपाच्या मागण्यांत त्याची मागणी पहिली लिहा. तो अर्ध्या पैशात मिळतोय तोवर तुमची खुर्चीही महागच वाटत राहणार.

काल मी मित्राला माझा 41 टक्क्यांचा कागद दाखवला. त्याने खाली स्वतःचे आकडे मांडले, बेरीज केली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "उद्या ऑफिसात दाखवतो. आमी सतरा जनं हाओ."