भंगारातल्या पाट्याची पटाशी करा

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर रस्ता पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत विदर्भात उतरतो. या रस्त्यांवर रात्रंदिवस अवजड गाड्या धावतात, त्यांच्या कमानींचे (स्प्रिंगांचे) पाटे तुटतात आणि तुटलेले पाटे गॅरेजच्या मागे गंजत पडतात. मग भंगारवाला ते वजनावर उचलतो आणि बहुतेक वेळा ते कुठल्या तरी भट्टीत वितळतात. त्यातून बांधकामाची सळई होते. चांगल्या पोलादाचं असं साधं लोखंड होताना पाहून मला हळहळ वाटते. त्याच वेळी आपला गावातला सुतार, शेतावर वखराचा दांडा बसवणारा शेतकरी, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणारा मुलगा बाजारातली मऊ पटाशी घेतो आणि बाभळीच्या गाठीवर दोन घाव घातले की तिची धार वळते.

माझं सांगणं एवढंच आहे: निदान एक अवजार स्वतः घडवा. तेही पटाशीच. रंध्याचं पातं, वाकस, गोल पटाशी हे सगळं नंतर. पटाशीला फार आकार नाही, तिच्यात लपवाछपवीला जागा नाही, आणि ती करताना पोलादाबद्दल जे कळतं ते पुढच्या प्रत्येक अवजाराला कामी येतं.

आधी माल ओळखा. लोखंडात कार्बन किती, यावर ते तापवून बुडवलं तर कडक होणार की नाही हे ठरतं. बांधकामाच्या सळईत कार्बन शंभर भागांत पाव भागाच्या आसपास असतो, म्हणून तिची पटाशी कितीही घासली तरी धार टिकत नाही. गाडीच्या पाट्यात तो साधारण अर्धा ते पाऊण भागाच्या दरम्यान असतो. बेअरिंगच्या कड्यात एक भाग, आणि चांगल्या कानशीत त्याहूनही थोडा जास्त. पाटा मधोमध बसतो. तो धार धरतो आणि मोगरीचे घाव सोसतो, कारण त्याचं मूळ कामच धक्के खाण्याचं आहे. पहिल्या कामाला म्हणूनच पाटा. झिजलेली कानस मोहात पाडते, पण ती ठिसूळ. शिवाय काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत मऊच.

दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि विझतात. कार्बनवालं पोलाद फुलबाजीसारखं तडतडतं, ठिणगीच्या टोकाला फाटे फुटतात. तरीही खात्री नसेल तर बोटभर तुकडा लालबुंद करून तेलात बुडवा, थंड झाल्यावर फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरा आणि डोळ्यांवर चष्मा चढवून हातोडा मारा. वाकला तर सोडून द्या. काच तुटावी तसा कट्कन मोडला आणि मोडलेल्या जागी बारीक, राखाडी कण दिसले, तर माल हातात आला.

पाटा निवडताना पिकअपसारख्या छोट्या गाडीचा घ्या. तो सहा-आठ मिलिमीटर जाडीचा मिळतो; ट्रकचा पाटा जाड असतो, कापता कापता जीव जातो. मधलं बोल्टाचं भोक आणि जिथे तो तुटला त्याच्या आजूबाजूचा भाग टाकून द्या. उरलेल्या तुकड्यावरही बारीक तडे असू शकतात. ते शोधायची सोपी युक्ती आहे: गंज घासून काढा, रॉकेल चोपडा, पाचेक मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तड्यात शिरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूवर काळसर रेघ होऊन वर येतं.

एक गोष्ट खडसावून सांगतो. भुसावळ हे रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे रुळाचे तुकडे, क्लिपा, पट्ट्या कुणीतरी स्वस्तात देऊ करतो. घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास होतो. गॅरेजवाल्याकडून किंवा भंगारवाल्याकडून पैसे देऊन, जमलं तर पावती घेऊनच माल आणा. दुसरी गोष्ट त्याहून जिवाशी खेळणारी आहे: शॉक अॅब्सॉर्बर, सिलिंडर, बंद पाइप असं काहीही आगीत घालायचं नाही, आत कोंडलेली हवा किंवा तेल फुटून बाहेर येतं. जस्ताचा मुलामा असलेली वस्तूही भट्टीत नको, तिचा पांढरा धूर छातीत बसतो.

आता लोहाराकडे जा. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून एकट्याने अंगणात भट्टी पेटवणाऱ्यांना मी हात जोडून थांबवतो. आपल्याकडे आठवडे बाजाराच्या कडेला गाडीलोहार किंवा घिसाडी बसतात. चितोडगड पडल्यावर आपण घरदार सोडलं, अशी त्यांची परंपरा सांगते. महाराष्ट्रात त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. जमिनीत पुरलेली छोटी ऐरण, हातभर खड्ड्यातली भट्टी, आणि घण मारायला बहुतेक घरातली बाई. पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड फिरवतो, बाई त्याच तालावर घण हाणते, दोघांत एक शब्दही होत नाही. विळे, खुरपी, कुऱ्हाडी त्यांनी कायम भंगारातूनच घडवल्या आहेत. पूर्वी पोलाद महाग असल्याने कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं आणि फक्त धारेला पोलादाची पट्टी जोडलेली असे. आज पाटा इतका सहज मिळतो की सगळं अवजारच पोलादाचं होतं. तयार कारखानी खुरप्यांमुळे त्यांचं काम मात्र कमी होत चाललं आहे. तुम्ही त्यांच्यासमोर जाऊन बसलात, सांगतील ती मजुरी दिलीत आणि पाणी द्यायला, म्हणजे तापवून बुडवून कडक करायला, शिकवा म्हणालात, तर तुमचाही फायदा आणि त्यांच्याही कलेला मान. मुलं घेऊन जाणारे शिक्षक असतील तर आणखी उत्तम. तासभर त्या भट्टीपाशी बसवलेला वर्ग विज्ञानाचं एक अख्खं प्रकरण शिकतो.

काम असं होतं. पाटा तापवून लाल करायचा, चुंबक चिकटेनासं झालं की थोडा अजून तापवून राखेच्या किंवा कोरड्या चुन्याच्या ढिगात पुरायचा आणि रात्रभर तसाच राहू द्यायचा. सकाळी तो मऊ झालेला असतो, हॅक्सॉने कापता येतो, कानस चालते. ही रात्र वाचवू नका. न मऊ करता कापायला गेलात तर ब्लेडामागून ब्लेड मोडेल. मऊ झाल्यावर दोन सेंटिमीटर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा, कमानीचा बाक ऐरणीवर सरळ करा आणि मुठीत जाणारं शेपूट निमुळतं काढा. शेपूट आणि पातं जिथे मिळतात तो कोपरा टोकदार ठेवू नका. तिथेच पटाशी मोडते. तो कानशीने गोल करा.

धारेचा उतार मोजायला कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी पाच मिलिमीटर असेल तर उताराची लांबी दहा ठेवा. जाडीच्या दुप्पट उतार म्हणजे बरोबर 30 अंश. सागावर एवढा पुरतो, हलक्या कामाला 25 सुद्धा चालतो. बाभूळ किंवा अंजन अशा लाकडाला मात्र 30 च्या खाली जाऊ नका. कडक करण्याआधी धार पूर्ण पातळ करायची नाही, मिलिमीटरभर कड ठेवा. पातळ कड आगीत जळते आणि तेलात तडकते.

पाणी देण्याची वेळ ही सगळ्या कामाचा कणा आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार. भट्टी सावलीत हवी. जळगावच्या उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना कळतच नाही, नारिंगी झालेलंही काळपट दिसतं. संध्याकाळची वेळ बरी. बाजूला पऱ्हाट्यांचा ढीग, कडबा, पेट्रोलचा डबा नको. अंगात सुती कपडे, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. डबाभर गोडं तेल, सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं, वापरून उरलेलं चालतं. डबा पत्र्याचा, वर झाकण हाताशी, आणि तेल अंगाला सोसेल तेवढं कोमट. गाडीचं जळकं इंजिन ऑइल अजिबात नको.

धारेकडचा चार बोटं भाग हळूहळू तापवा. लोखंड लाल होताना मधून मधून चुंबकाला लावा. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं. तिथे थांबू नका, पाट्याच्या पोलादाला त्याहून थोडी जास्त ऊब लागते. चुंबक सुटल्यावर रंग एक छटा उजळू द्या, सगळीकडे सारखा होऊ द्या, मग पटाशी धारेकडून सरळ तेलात घाला. वर-खाली हलवा, डावी-उजवीकडे नको, नाही तर पातं वाकतं. तेलाचा भडका उठला तर घाबरू नका, पूर्ण बुडवलेलं पातं वर काढू नका. हाताशी असलेलं झाकण त्यासाठीच आहे. थंड झाल्यावर कानस लावा. काचेवरून घसरावी तशी कानस घसरली तर पाणी बसलं.

इथे बरेच जण आनंदाने धार लावायला बसतात, आणि पहिल्या घावाला धारेचा तुकडा उडतो. आता पोलाद कडक आहे, पण ठिसूळही आहे. त्याचा थोडा कडकपणा उतरवायला हवा, आणि तो त्याच दिवशी. घरात ओव्हन असेल तर 200 ते 220 अंशांवर तासभर, असं दोनदा. ओव्हन नसेल तर फुटाणे भाजणाऱ्याची कढई पाहिलीत ना, तशीच जाड कढईत कोरडी वाळू तापवा. पात्याचा चेहरा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, मग शेपटाकडून वाळूत रोवा आणि धार वाळूच्या वर ठेवा. थोड्या वेळात रंग चढू लागतो. शेपटाकडे आधी फिका पिवळा, मग गडद, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हे रंग धारेकडे सरकत येतात, अगदी डोळ्यांदेखत. धारेपाशी गवती पिवळा पोचला की लगेच पाण्यात. बाभळीच्या खाचा मारायच्या असतील तर तपकिरीची चाहूल लागेपर्यंत थांबा. निळा धारेपर्यंत पोचला तर पटाशी स्प्रिंगसारखी लवचिक होईल, पण धार धरणार नाही. पुन्हा तापवून पुन्हा पाणी द्यावं लागेल, एवढंच. पोलाद माफ करतं, दोन-तीनदा तरी.

मूठ बाभळीची, वाळलेल्या लाकडाची. ओल्या लाकडाची मूठ खान्देशच्या उन्हाळ्यात आकसते आणि सैल पडते. तोंडाशी जुन्या पाइपाचा बारीक तुकडा रिंग म्हणून गरम न करता ठोका; रिंग नसेल तर घावाने मूठ फाटते. मग धार. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवा आणि आधी पाठ सपाट करा, टोकाचे दोन सेंटिमीटर आरशासारखे दिसेपर्यंत. बाजारातल्या बहुतेक पटाश्यांची हीच बाजू कुणी सपाट करत नाही, आणि सरळ खाच न निघण्याचं कारण हेच असतं. त्यानंतर उतार निसण्यावर. ग्राइंडर या टप्प्यावर कपाटात. पातळ धार चाकावर क्षणात निळी होते आणि पाणी उतरतं. लावायचाच असेल तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा.

पहिल्यांदा वापराल तेव्हा सागाच्या तुकड्यावर नको, निंबाच्या किंवा बाभळीच्या फळीवर चालवा, म्हणजे खरं काय ते कळेल. आडव्या रेषांवर कापून पाहा. मग धार उजेडात धरा. कड वळून चमकत असेल तर पाणी कमी पडलं किंवा जास्त उतरलं. बारीक दाते पडले असतील तर पाणी उतरवताना घाई झाली; पुन्हा वाळूत घालून एक रंग पुढे न्या. दोन्ही नसेल तर तुमची पटाशी झाली.

मग त्याच पाट्याच्या उरलेल्या पट्टीतून अशी पटाशी काढा जी दुकानात मिळत नाही. जुन्या वाड्याच्या दाराच्या कडीकोयंड्याला लागणारी चार मिलिमीटरची, डावखुऱ्या मुलासाठी तिरकी, किंवा तुटलेल्या नक्षीसाठी गोल. सुतारी करणाऱ्या शेजाऱ्याला काय हवं ते विचारा, आणि ते घडवायला त्यालाच लोहाराच्या भट्टीवर घेऊन जा.