जबाबदारीचा धनी कोण?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट 2023 मध्ये अवघ्या 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. शासनाने आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे लोकक्षोभ हळूहळू ओसरला. या मृत्यूंचा दोष अमुक एका डॉक्टरच्या वा अधिकाऱ्याच्या माथी मारण्याचा आमचा उद्देश नाही. अत्यवस्थ रुग्णास वाचविणे वैद्यकास नेहमीच साधते असे नाही, हे आम्ही जाणतो. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा दुर्घटनेचा जाब नागरिकाने विचारावयाचा तो कोणास?

1982 मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली व कळवा तिच्यात आले. वाढत्या शहरास वाढता कारभार हवाच. खाती, उपखाती, प्रभाग समित्या यांवाचून त्याचा गाडा चालावयाचा नाही. परंतु पायऱ्या वाढल्या की जबाबदारी वाटली जाते आणि वाटता वाटता नाहीशी होते. फाईलवर सह्या अनेकांच्या असतात, निर्णय मात्र कोणाचाच नसतो. सनदी सेवकाने पडद्याआड राहून काम करावे आणि उत्तर लोकप्रतिनिधीने द्यावे, ही आपण इंग्रजांकडून घेतलेली परंपरा. ती वाईट नव्हे. पण पडद्यापुढे कोणी उभा असेल तरच तिला अर्थ आहे. ठाण्यात 2022 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली होती आणि या दुर्घटनेच्या वेळी आयुक्त हेच प्रशासकही होते. जाब विचारणारा आणि देणारा एकच असल्यावर जाब विचारला जाणार कसा?

कायदे नाहीत असे नाही. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाईल कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ अडवून ठेवू नये, असे विलंब-प्रतिबंधाचा 2005 चा कायदा सांगतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, कालमर्यादा, अपील आणि 500 ते 5,000 रुपयांचा दंडही ठरवून दिला आहे. म्हणजे दाखल्यास विलंब झाला तर कोणास धरावयाचे हे नागरिकास कळते. खाटेवाचून माणूस तळमळला तर ते कळत नाही. 1952 च्या कायद्याखाली नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. प्रशासकीय समितीवर तसे बंधन नाही.

ते घालावे, एवढीच आमची मागणी आहे. सार्वजनिक रुग्णालयातील दुर्घटनेच्या प्रत्येक चौकशीस मुदत असावी, तिचा अहवाल जनतेपुढे यावा आणि त्यातील प्रत्येक शिफारशीपुढे ती अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व तारीख लिहिलेली असावी. यात कोणाचा सूड नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यास तर त्यामुळे संरक्षणच मिळेल. कारण जबाबदारी निश्चित नसते तेथे बळी जातो तो बहुधा सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाचा. राज्य लोकांचे आहे असे आपण म्हणतो. मग त्याच्या कारभाराचा धनी कोण, हे लोकांस ठाऊक असले पाहिजे.