दिग्दर्शक गेला, सिनेमा लागला

‘क्रिएटिव्ह डिफरन्सेस’. मार्व्हलच्या सिनेमातून दिग्दर्शक बाहेर पडला की हेच दोन शब्द ऐकायला मिळतात. मला तरी ही निव्वळ सारवासारव वाटते.

एडगर राइटचंच बघा. २००६ पासून ‘अँट-मॅन’ त्याच्याकडे होता. तब्बल आठ वर्षं. मे २०१४ मध्ये, शूटिंग तोंडावर आलेलं असताना, त्याने सिनेमा सोडला. कारण? त्याला बाजूला ठेवून त्याच्याच पटकथेवर दुसऱ्यांनी हात फिरवला होता. मग पेटन रीड आला, जुलै २०१५ मध्ये सिनेमा लागला, ५० कोटी डॉलरच्या वर धंदाही झाला. राइटचं नाव उरलं ते लेखकांच्या यादीत.

२०२० मध्ये ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या भागातून स्कॉट डेरिकसन गेला. तेव्हाही तेच दोन शब्द!

पैसा स्टुडिओचा, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचा, हे मान्य. पण मुकादमच हवा असेल तर स्वतःची शैली असलेला दिग्दर्शक घ्यायचाच कशाला?

राइटने २०१७ मध्ये स्वतः लिहिलेला ‘बेबी ड्रायव्हर’ केला. तो बघा, मग ‘अँट-मॅन’ बघा. धंदा कुणाचाच बुडाला नाही, पण आपण प्रेक्षक एका सिनेमाला मुकलो. तिकीट काढणाऱ्याने हे विचारायला नको का?